चार थरांचा समुद्र

कचेरीत आलेले जहाज पितळेच्या दोन खांबांवर हवेत उभे होते, आणि अबू जासिम यांना ते मुळीच आवडले नाही. ज्या परदेशी गोदीत त्यांची ‘मबरूका’ बांधली गेली, तिथल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे मालकाला तिची हुबेहूब प्रतिकृती पाठवली होती. लांबी साडेचार फूट. डोलकाठ्या, शिड्या, नांगर, होड्या, सारे जागच्या जागी. काळ्या कुशीवर ते पांढरे वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघही होती. ही रेघ पाण्याखाली जाईल इतका माल जहाजात भरू नये, असा जगभरच्या दर्यावर्दी कायद्याचा आग्रह आहे. मालकांनी प्रतिकृतीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि ती बाजारात टांगलेल्या सुरमईसारखी दिसते, असे मत दिले. शुवैख बंदरातल्या नव्या कचेरीचे उद्घाटन दीड महिन्यावर आले होते. जहाजाला समुद्र हवा होता.

हे १९६४ साल. त्या काळी कुवेतमध्ये काय हवे ते मागवता येई, पण दीड महिन्यात समुद्र पाठवणारा व्यापारी कुणाच्या माहितीत नव्हता. हेडक्लार्क सिराज मुकादम मात्र अडचणीत सापडणारा माणूस नव्हे. मूळचे श्रीवर्धनचे हे गृहस्थ नकार हा शब्द फक्त खालच्या दिशेने वापरीत. वरच्या दिशेला त्यांच्याकडे होकाराचा अखंड साठा होता. त्यांनी तत्काळ होकार दिला आणि मग तो पार पाडणार कोण, याचा विचार करू लागले. तीन नंबरच्या शेडमध्ये पोती मोजणारा महबूब साखरकर बनेद अल-गार वस्तीतल्या आपल्या खोलीत खिडकीपाशी स्वतः घडवलेला तळहाताएवढा समुद्र ठेवतो आणि त्यावर काडीपेटीएवढा मचवा, हे त्यांनी एकदा ईदच्या भेटीत पाहिले होते. पाहून ‘रिकामटेकडे धंदे’ असे म्हटलेही होते.

महबूब जयगडचा. लहानपणी चुलत्याच्या वखारीसाठी गलबते कधी येतात ते पाहत धक्क्यावर बसून राहणे, हेच त्याचे काम होते. गलबते दिवसाला दोन येत, पाणी मात्र दिवसभर येई. आठ वर्षे त्याने पाणी पाहिले. वारा पडल्यावरही मागे उरणारी लाट आणि नुकत्या वाऱ्याने उठवलेली लाट या दोन वेगळ्या जाती आहेत. लाटेचा माथा हिरवा आणि खळगा काळसर दिसतो. चालत्या गलबताच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पाणी चढते, मध्यावर बसते आणि पिछाडीमागे पंख्यासारखे पसरते. हे ज्ञान त्याच्यापाशी होते आणि त्याचा जगात कुणालाही उपयोग नव्हता. पदवी नसलेल्या विद्वत्तेचे असेच होते. तिला छंद म्हणतात.

“समुद्र कर,” सिराजभाय म्हणाले. “मालकाचं नाव राहिलं पायजे. आणि तुझा तो कागद हाय ना माझ्या खणात, तोही मग मालकापुढं ठेवतो.”

तो कागद म्हणजे महबूबची बायको शहरबानू हिला कुवेतला आणण्यासाठीचा अर्ज. मालकाने कफील म्हणजे जामीनदार म्हणून त्यावर सही केली, की पुढची दारे उघडणार होती. लग्नाला पाच वर्षे झाली होती. त्यांपैकी एकत्र काढलेले दिवस दोघांनाही तोंडपाठ होते. अर्ज दोन वर्षे सिराजभायच्या खणात होता आणि शहरबानूच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असे: कागदाचे काय झाले ते कळवणे. महबूबने समुद्र करायला घेतला.

त्याचा खोलीभागीदार अशरफ एका हाडांच्या डॉक्टरकडे ड्रेसर होता. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालण्यात त्याची हयात चालली होती, आणि दवाखान्यात मुदत टळून बाद झालेल्या प्लास्टरपट्ट्यांची दोन खोकी त्याने डॉक्टरला विचारून आणून दिली. महबूबने प्लायवूडची पेटी केली, आत चुरगळलेले वर्तमानपत्र दाबून लाटांचे उंचवटे बसवले आणि त्यांवर भिजवलेल्या पट्ट्या अंथरून चमच्याच्या पाठीने एकेक वळण घोटले. जहाजाच्या जागी त्याने नेमकी खाच ठेवली, तिला मेणकागद लावला. जहाज हवे तेव्हा उचलून निघावे आणि ठेवले की पाणी त्या पांढऱ्या रेघेच्या बोटभर खाली यावे, अशी योजना होती.

“ही लाट हाय का कोपरातून मोडलेला हात?” अशरफने विचारले.

“वाळू दे. मग बघ.”

वाळल्यावर रंग आला. तळाला काळपट निळा, वर बाटलीचा हिरवा, माथ्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने ओढलेला पांढरा. मग वॉर्निशचे हात, एकावर एक. बाहेर वाळूचे वादळ उठले तेव्हा धूळ बसू नये म्हणून महबूबने आपली मच्छरदाणी समुद्रावर बांधली आणि स्वतः आठवडाभर डासांच्या स्वाधीन झाला. शेवटी कापसाचे तंतू सुईने ओढून त्याने फेस केला. तीन आठवड्यांनी अशरफ रात्रपाळीहून आला आणि खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उन्हात त्याने तो समुद्र पाहिला. त्याने बोट पुढे केले, पाण्याला लावले आणि कोरडे बोट परत घेताना त्याचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसाचा झाला. महबूबला आयुष्यात मिळालेली ही सर्वांत मोठी दाद होती.

समुद्र इथेच संपायला हवा होता. परंतु कारागीर थांबतो तिथून कचेरीचे काम सुरू होते.

नव्या कचेरीत जहाज समुद्रावर ठेवले त्या दिवशी सिराजभायनी ते बोटाने हलवून पाहिले, आणि ते हलले. उद्घाटनाच्या दिवशी कुणाचा धक्का लागला तर मालकाची अब्रू जमिनीवर, असे त्यांनी अनुमान केले आणि महबूब शेडमध्ये पोती मोजत असताना दुसऱ्या एका माणसाकडून जहाजाच्या भोवती बादलीभर पातळ प्लास्टर ओतून घेतले. महबूब आला तेव्हा खाच, मेणकागद, नाळेशी घोटलेली ती उताराची लाट, सारे पांढऱ्या चिखलाखाली गेले होते. जहाज आता समुद्रात कायमचे पक्के झाले होते. समुद्रावर असे प्रेम करणारे लोक समुद्राच्या जवळ सहसा जात नाहीत.

“बसला ना घट्ट?” सिराजभाय समाधानाने म्हणाले. “आता रंग मार वरून.”

महबूबने दुसरा थर घोटला, रंगवला, वॉर्निश केला. मग खुद्द अबू जासिम पाहायला आले. तरुणपणी दहा वर्षे मुंबईत काढल्यामुळे ते नोकरांशी मुंबईच्या हिंदीत बोलत. त्यांनी लाटा पाहिल्या आणि त्यांच्या कपाळावर तशाच लाटा उठल्या. हे पाहून कोण आपला तांदूळ या जहाजात चढवील, असे त्यांनी विचारले. समुद्र शांत हवा. रास्त मागणी होती. निसर्गाने ती कधी मानली नसली तरी नोकराला मानणे भाग होते.

आता खरी पंचाईत आली. जहाज मोकळे असते तर ते उचलून लाटा कापून काढता आल्या असत्या. पण पट्ट्यांचे प्लास्टर छिन्नीशिवाय कापले जात नाही, आणि छिन्नीच्या पहिल्याच ठोक्याला जहाजाचा केसाएवढा कठडा तीन ठिकाणी निखळला. तो महबूबने चिमट्याने परत चिकटवला आणि छिन्नी ठेवून दिली. लाटा खाली आणता येत नव्हत्या. समुद्र शांत करण्याचा एकच मार्ग उरला होता: खळगे भरून सगळे पाणी लाटांच्या माथ्यापर्यंत वर आणणे. त्याने तिसरा थर ओतला. समुद्र शांत झाला आणि वर्तुळाच्या खालच्या कडेला येऊन टेकला.

उद्घाटनाला चार दिवस असताना मालकांचे चिरंजीव जासिम बैरूतहून शिक्षण संपवून परतले. त्यांनी जहाज पाहिले आणि ते उभे आहे, अशी तक्रार केली. आपली कंपनी पुढे जाणारी कंपनी आहे, असे ते इंग्रजीत म्हणाले. वेग दिसला पाहिजे. नाळेशी उसळते पाणी, मागे फेसाचा पट्टा. अबू जासिम यांनी मुलाकडे कौतुकाने पाहिले, सिराजभायनी मालकांकडे पाहिले आणि मग दोघांनी मिळून महबूबकडे पाहिले.

महबूबने धीर करून सांगितले, की शांत समुद्राची इतकी उंची झाल्यावर त्यावर आणखी पाणी चढवले तर रेघ बुडेल. मालक आणि चिरंजीव तोवर खिडकीतून गाड्या लावण्याची जागा पाहू लागले होते. उत्तर सिराजभायनी दिले.

“त्या चकतीकडं कोण बघणार हाय? लोक जेवायला येतात, महबूब. मटण बघतील, भात बघतील. तू आपला फेस कर.”

“पण सिराजभाय, जहाज बुडतं दिसंल.”

“मालकाचं जहाज कसं बुडंल? कागद पायजे ना तुला?”

चौथा थर चढला. रेघ बुडाली, वर्तुळाचा वरचा काठ अस्तमानाच्या चंद्रासारखा तेवढा उरला. ज्या माणसाने वर्षानुवर्षे पाण्याकडे पाहिले होते त्याला ते जहाज बघवेना. तो खोलीवर आला आणि न जेवता पडून राहिला. अशरफने त्याला धीर दिला, की हाड वाकडे जुळले तरी माणूस चालतोच.

उद्घाटनाला बंदराचे अधिकारी आले, व्यापारी आले, आणि जहाजांचे विमे उतरवण्यापूर्वी ती तपासणारा एक म्हातारा इंग्रज सर्व्हेअर आला. ‘मबरूका’च्या विम्याच्या नूतनीकरणाचा कागद त्याच्याच टेबलावर पडून असल्यामुळे त्याला मालकांच्या शेजारी बसवले होते. सिराजभाय प्रत्येक पाहुण्याला समुद्रापाशी नेत आणि हे काम आपल्या देखरेखीखाली झाल्याचे सांगत. ऐन गर्दीत सर्व्हेअर उठून जहाजाजवळ गेला. त्याने चष्मा लावला. तो वाकला. वाकलेलाच राहिला. मग तो मोठ्याने हसला आणि मालकांकडे वळून म्हणाला, की एखाद्या जहाजमालकाने स्वतःच्या कचेरीत इतक्या प्रामाणिकपणे माल भरलेला त्याने आजवर पाहिला नव्हता.

पाहुणे हसले. अबू जासिम हसले नाहीत. कारण खरी ‘मबरूका’ गेली दोन वर्षे मुंबईहून आणि कराचीहून रेघ बुडवूनच शुवैखला येत होती. धक्क्यावरच्या प्रत्येकाला हे ठाऊक होते, आणि म्हणून ते कुणालाच दिसत नव्हते. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीकडे पाहण्याचे कुणाला काही कारण उरत नाही. हा समुद्र कुणी केला, असे सर्व्हेअरने विचारले. सिराजभायनी मालकांचा उतरलेला चेहरा पाहिला आणि संध्याकाळभर स्वतःकडे ठेवलेले सगळे श्रेय एका क्षणात, उदार अंतःकरणाने, महबूबच्या स्वाधीन केले.

सर्व्हेअरने महबूबला खांद्याला धरून कोपऱ्यात नेले. तिथे ते अर्धा तास बोलत उभे होते. म्हातारा हळू आवाजात विचारी, महबूब आपल्या बंदरी इंग्रजीत हातवारे करून सांगे. म्हाताऱ्याने खिशातून डायरी काढली, टिपून घेतले, पुन्हा विचारले, पुन्हा टिपले. शेवटी आपले कार्ड दिले आणि महबूबचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. अबू जासिम यांच्या ताटातला भात तसाच राहिला.

म्हातारा घरी स्वतः लहान जहाजे करीत असे. तीस वर्षांत त्याला फेस जमला नव्हता. कापूस ओला ओढायचा की कोरडा, हे त्याला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी महबूबला आत बोलावले आणि दार लावून घेतले. नोकरी गेली, असे समजून तो जाबासाठी शब्द जुळवत आला होता. पण मालकांनी त्याला खुर्ची दिली. कुवेतमध्ये आल्यापासून कुणा मालकासमोर तो प्रथमच बसत होता, आणि कसे बसावे हे न कळून खुर्चीच्या काठावर टेकला.

“वो इंग्रेज तुमको क्या पूछा?”

“फेस कैसा बनाया पूछा, साब.”

“फेस.” अबू जासिम यांनी हा शब्द बराच वेळ न्याहाळला. “और तुमने बोल दिया?”

“सब बोल दिया, साब. शुरू से.”

मालकांनी डोळे मिटले. मग त्यांनी अगदी सौम्य स्वरात, आजारी माणसाशी बोलावे तसे विचारले, “तुम क्या मंगता है?”

असा प्रश्न महबूबला कुणी कधी विचारला नव्हता. तो विचारात पडला. तो जितका गप्प राहिला तितका मालकांना घाम येऊ लागला. अखेर त्याने बायकोच्या अर्जाचे सांगितले. तो सिराजभायच्या खणात असतो हेही सांगितले. मालकांनी घंटा वाजवली. दोन वर्षांत जो खण उघडला नव्हता तो पावणेदोन मिनिटांत उघडला. सही झाली, शिक्का बसला. त्याहून अधिक म्हणजे, बाई ‘मबरूका’ने येईल, तिला स्वतंत्र खोली मिळेल, कप्तानाला चिठ्ठी जाईल, असेही मालकांनी जाहीर केले. कारभारातला माणूस खूश ठेवायचा तर पूर्ण खूश ठेवावा, हा त्यांचा जुना नियम होता.

संध्याकाळी महबूबने सारी हकीकत अशरफला सांगितली आणि एवढा मोठा माणूस एवढा चांगला निघाला, म्हणून हळहळला, की आपण उगाच त्याला नावे ठेवत होतो. अशरफ भाकरी मोडता मोडता थांबला.

“चांगला नाय रे. तुला घाबरला तो.”

“मला? माझ्यात काय हाय घाबरण्यासारखं?”

“त्याला वाटलं, रेघ तू मुद्दाम बुडवलीस. साहेबाला दाखवायला.”

महबूबला हे पटायला वेळ लागला. पटल्यावर त्याला हसू आले आणि ते अर्ध्यात विरले. तो उठला, चपला घातल्या आणि थेट धक्क्यावर गेला. ‘मबरूका’ माल उतरवत उभी होती. दोन वर्षे तो तिची पोती मोजत होता, आणि आज प्रथम त्याने तिच्या कुशीकडे ज्या नजरेने जयगडला पाणी पाहिले होते त्या नजरेने पाहिले. ओल्या गंजाचा आणि तेलाचा पट्टा वर्तुळाच्या वर हातभर चढला होता. त्याचा चौथा थरही इतका निर्लज्ज नव्हता. याच जहाजात, स्वतंत्र खोलीत, कप्तानाच्या चिठ्ठीसह, शहरबानू येणार होती.

ती रात्र त्याने कशी काढली ते अशरफने पाहिले. सही झालेला कागद उशाशी होता. गप्प राहिले तर तो पक्का होता. तोंड उघडले तर मालक तो परत मागू शकत होता, आणि महबूबला कुवेतबाहेर काढायला त्याला दुसरी सही पुरेशी होती. सकाळी तो मालकांच्या दाराशी उभा राहिला. या वेळी खुर्ची दिली तरी तो बसला नाही.

“साब, मेरी औरत आएगी उस खेप में रेघ पानी के ऊपर होना.”

अबू जासिम यांनी त्याच्याकडे पाहिले. काल ते एका धूर्त माणसाला घाबरले होते. आज समोर उभ्या असलेल्या माणसाने भीतीने दाराची मूठ अजून सोडली नव्हती, हे त्यांनी पाहिले, आणि त्यांना काहीच उमजेना. व्यापारी माणसाला अखेरची अट मात्र ओळखू येते. भाव आणखी चढण्याच्या आत त्यांनी मान हलवली. “कितना ऊपर?” एवढेच त्यांनी विचारले.

महबूबने हाताने दाखवले. हात भीतीने थोडा जास्तच उंच गेला.

दोन महिन्यांनी ‘मबरूका’ शुवैखला लागली, तेव्हा धक्क्यावरचे हमाल काम टाकून पाहू लागले. जहाजाचा लाल तळ दिसत होता. पांढरी रेघ पुरुषभर उंचीवर कोरडी ठणठणीत होती. इतके हलके जहाज या बंदरात कुणी पाहिले नव्हते. महबूबचा ऊर भरून आला. आयुष्यात त्याने मागितलेली एक गोष्ट मागितली त्याहून अधिक मिळाली होती.

शहरबानू शिडीवरून उतरली ती कठडा दोन्ही हातांनी धरून. चेहरा हळदीसारखा पिवळा झाला होता. खाली आल्यावरही धक्का स्थिर आहे यावर तिचा विश्वास बसेना. ती महबूबच्या बाहीला धरून उभी राहिली. पाच वर्षांचे बोलणे साठले होते. तिने प्रथम श्वास घेतला.

“नऊ दिवस,” ती म्हणाली, “पोटात पाणी ठरलं नाय. रिकाम्या करवंटीवानी लोळत होतं हे जहाज. खलाशी सांगत होते, नेहमी भरून असतं, तेव्हा हलतसुद्धा नाय. याच खेपेला कुण्या शहाण्यानं मालच भरू दिला नाय.” तिने डोळे पुसले. “मालकाशी ओळख हाय म्हणून लिहिलंव होतं तुम्ही. मग चार पोती जास्त भरायला सांगवलं नाय तुमाला?”

महबूबपाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. त्याने तिची ट्रंक खांद्यावर घेतली आणि म्हणाला, “चुकलं.”